ॲपॉस्ट्रॉफी गिळणारी की

नेदरलँड्समध्ये नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरच्या हाती ऑफिसचा लॅपटॉप येतो. कीबोर्ड दिसायला अगदी पुण्यातल्यासारखाच. अकोल्याच्या नोंदी काढण्यासाठी तो एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतली, क्वेरी लिहू लागतो. त्यात गावाचं नाव ॲपॉस्ट्रॉफीच्या (') अवतरणात लिहावं लागतं. ॲपॉस्ट्रॉफी दाबली, तर पडद्यावर काहीच नाही. पुढे अकोल्याचा कॅपिटल 'ए' दाबला, तर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला 'ए' उमटला आणि ॲपॉस्ट्रॉफी गायब! अवतरण सुरूच झालं नाही, त्यामुळे क्वेरी एरर देते. की बिघडली असं कुणालाही वाटेल, पण ती ठणठणीत असते.

कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत. यूएसबी कीबोर्ड प्रत्येक कीसाठी फक्त एक क्रमांक पाठवतो. ॲपॉस्ट्रॉफीच्या कीचा क्रमांक ५२. या ५२चं काय करायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि त्यासाठी तिच्याकडे एक तक्ता असतो, म्हणजेच लेआउट. आपल्याकडे बहुतेक संगणकांवर साधा अमेरिकन लेआउट असतो. नेदरलँड्समध्ये मात्र 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' हा सर्रास वापरात आहे. त्यात ' " ` ~ ^ ही पाच चिन्हं 'डेड की' आहेत. ती दाबली की सिस्टिम थांबते आणि पुढच्या अक्षराची वाट बघते. दोघांची जोडी तक्त्यात असेल तर एकच अक्षर उमटतं: ~ नंतर 'एन' दाबला तर स्पॅनिश 'एन्ये' (ñ), " नंतर 'यू' दाबला तर जर्मन उमलाउट (ü). जोडी नसेल तर विंडोज दोन्ही अक्षरं जशीच्या तशी देते. गोव्यातली दोन आडनावं टाईप करून बघा. डि'सूझा व्यवस्थित उमटतं, कारण ' आणि 'एस' यांची जोडी तक्त्यात नाही. डि'अल्मेडामध्ये मात्र ॲपॉस्ट्रॉफी 'ए'च्या डोक्यावर जाऊन बसते. म्हणूनच दोष चटकन सापडत नाही. इंग्रजी ईमेल लिहिताना सगळं सुरळीत चालतं आणि कोड लिहायला बसलं की अडतं. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात, तिथे काय चुकलं ते कळायलाही मार्ग नाही.

ही पद्धत टाइपरायटरवरून आली. तिथे अक्षर उमटलं की कागद धरणारं कॅरेज एक घर पुढे सरकायचं. फ्रेंच किंवा जर्मन टाइपरायटरवर अक्षरावरच्या खुणांसाठी वेगळी की असे, आणि तिने कॅरेज हलत नसे. आधी खूण मारायची, मग त्याच जागी अक्षर. हालचाल नाही म्हणून ती की 'डेड'. फार चलाख युक्ती होती ही! एका खुणेच्या कीने पाचही स्वरांचं काम भागायचं आणि खुणेच्या प्रत्येक अक्षरासाठी वेगळा खिळा लागायचा नाही.

खरा पेच पुढे संगणकामुळे पडला. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९६७च्या आस्की संकेतात ` ^ ~ ही चिन्हं आली ती दुहेरी कामासाठी. अक्षर छापायचं, बॅकस्पेसने एक घर मागे यायचं आणि त्यावर खूण छापायची, असा विचार त्यामागे होता. कागदावर हे जमायचं. पडद्याच्या टर्मिनलवर (संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डावर) दुसरं अक्षर आलं की पहिलं पुसलं जायचं, त्यामुळे ती वाट बंद झाली आणि चिन्हं मोकळी राहिली. प्रोग्रॅमरनी ती उचलली. १९७६च्या सुमारास आलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर ~ आणि 'होम' एकाच कीवर होते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ~ म्हणजे वापरणाऱ्याची होम डिरेक्टरी, त्याच्या स्वतःच्या फायलींचा फोल्डर, ही रीत त्या कीमुळेच पडली. एकच चिन्ह पोर्तुगीज लिहिणाऱ्याला अक्षराची खूण म्हणून हवं असतं आणि प्रोग्रॅमरला स्वतंत्र, ताबडतोब. दोघांचीही गरज खरी आहे.

देवनागरीचा इनस्क्रिप्ट लेआउट या पेचात सापडत नाही. तिथे आधी 'क' दाबायचा, मग मात्रा. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतातही क्रम तोच, आधी अक्षर मग मात्रा, अगदी डोळ्यांना आधी दिसणाऱ्या ऱ्हस्व वेलांटीचासुद्धा. 'क' लगेच दिसतो, मात्रा आली की त्याचं रूप बदलतं, वाट बघण्याची गरजच पडत नाही. मला ही रचना डेड कीपेक्षा कितीतरी सरस वाटते.

डेड की बंद करायची म्हणजे लेआउट बदलायचा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन' असं जाऊन इंग्लिशसमोरच्या तीन टिंबांतून 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडा. तिथे 'यूएस' कीबोर्ड जोडा आणि मग 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' काढून टाका. नुसता जोडून सोडू नका. दोन्ही राहिले तर विंडोज की आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेले की पुन्हा तोच घोळ. मॅकवर 'इनपुट सोर्सेस'मध्ये 'यूएस' किंवा 'एबीसी' निवडा. तिथे डेड की ऑप्शन कीखाली असतात, नुसत्या टायपिंगच्या आड येत नाहीत.

ज्यांना डचही लिहायचं आहे आणि कोडही, त्यांनी लिनक्सवर 'ऑल्टजीआर डेड कीज' असलेला इंटरनॅशनल लेआउट घ्यावा. त्यात ॲपॉस्ट्रॉफी लगेच उमटते, आणि उजव्या ऑल्टसोबत दाबली तरच डेड होते. जर्मन लेआउटचा 'नो डेड कीज' हा प्रकारही लिनक्सच्या यादीत तयार असतो. लेआउट बदलणं शक्यच नसेल, तर डेड कीनंतर स्पेसबार दाबा, म्हणजे ते चिन्ह सुटं उमटतं.

विंडोजमध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते. लॉगिनच्या पडद्याचा लेआउट वेगळा असू शकतो. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज'मधल्या 'कॉपी सेटिंग्ज'ने नवा लेआउट तिथेही लागू करा, आणि पासवर्डमध्ये ' किंवा ~ असेल तर लेआउट बदलण्याआधी तो एकदा नोटपॅडमध्ये टाईप करून बघा.