ट्रास्टुझुमॅबसाठी योजनेतून मंजुरी हवी? आधी ब्लॉक शोधा

ट्रास्टुझुमॅब म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरचं इंजेक्शन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आता पांढरं रेशनकार्डही चालतं. कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला भेटायचं. पूर्वमंजुरी रुग्णालयच मागतं. शंका असल्यास १५५३८८ वर फोन लावा.

मंजुरीविना परत आलेल्या फायलींत बहुतेक वेळा नसतो तो हर-टूचा रिपोर्ट. हर-टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन. ते जास्त असलेल्या, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह गाठीवरच ट्रास्टुझुमॅब चालतं, आणि गावाकडच्या बायोप्सीच्या कागदावर नुसतं ‘कर्करोग आहे’ एवढंच असतं. हर-टू कळायला आयएचसी, म्हणजे तुकड्याला रंग देऊन करायची तपासणी लागते. तिच्यात ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आलं तर निकाल लागलेलाच नाही. मग फिश, म्हणजे हर-टूचं जनुक बघणारी तपासणी करावी लागते. लोक २+ बघून खुशाल परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात आणि तिथून परत फिरतात.

ही तपासणी काढलेल्या तुकड्याच्या मेणातल्या ब्लॉकवर होते. तो लॅबकडे असतो, हे पेशंटला कोणी सांगत नाही. निघण्याआधीच लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. आजार काही वर्षांनी उलटून पसरला असेल, तर डॉक्टर नवी बायोप्सी सांगू शकतात, कारण हर-टू बदललेलं असू शकतं. यात कुणाचा आडमुठेपणा नाही.

आडमुठेपणा असतो तो नावांत. कार्ड गावी सासऱ्यांच्या नावावर, सून मुंबईत, आधारवर सासरचं नाव आणि कार्डावर तिचं नाव चढवलेलंच नाही! साहेबांना बाई समोर दिसते, पण कागदात दिसत नाही. बायोप्सीचा निकाल यायच्या आतच तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवा, आणि कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे ना ते बघा.

पालबोसिक्लिबसारख्या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळ्या योजनेत बसतात का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा. नसतील तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत हवं, तहसीलदारांचा दाखला लागतो. त्यावरची मुदत वाचा. एक वर्षाचा दाखला बहुधा ३१ मार्चला संपतो, काढल्या तारखेपासून बारा महिने धरू नका. खासगी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, म्हणजे सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस गाठणं आलं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधी औषध विकत घेऊन मग बिलं जोडलीत, तर काही हाती लागत नाही.

मंजुरीनंतर दर तीन आठवड्यांनी डोस आणि साधारण तीन महिन्यांनी हृदयाची टूडी इको. गणपतीला चार दिवस जास्त राहिलो तर काय बिघडतं, असं म्हणू नका. डोस आठवड्यापेक्षा जास्त लांबला की पुन्हा वजनाच्या किलोमागे ६ ऐवजी ८ मिलिग्रॅमचा मोठा डोस द्यावा लागतो, आणि मंजुरीचा कागद त्याच्याशी जुळेनासा होतो. जायचंच असेल तर तारीख डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.