मामा अजून नरकात गेलेले नाहीत: अधोलोक आणि नरक यांतला फरक

मागच्या पावसाळ्यात मामांना माती देऊन आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या घरी परतलो. चहा आणि खारी फिरत होती. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ माझे दोन भाऊ दबक्या आवाजात बोलत उभे होते. मामा वीस-बावीस वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते. धाकटा म्हणाला, "वचनाप्रमाणे बघितलं तर मामा आता नरकात."

मोठ्या मावशीला ऐकू कमी येतं असा आमचा समज होता. ती आतून म्हणाली, "नरकात अजून कोणीच गेलेलं नाही. न्यायाचा दिवस होऊन गेला काय रे? वाचत जा जरा."

"म्हणजे मावशी, तू नरक मानत नाहीस? मग शास्त्रच मानत नाहीस की," धाकटा म्हणाला.

या बोलण्यात दोन घोळ आहेत. एक अधोलोक आणि नरक यांचा. दुसरा, शास्त्राचा अर्थ आणि शास्त्राचा अधिकार यांचा. दुसरा पहिल्याच्या पोटातून निघतो, म्हणून आधी पहिला.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, आणि इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा आपण इथे नशीबवान. जुन्या करारातला हिब्रू शब्द 'शेओल' आणि नव्या करारातला ग्रीक 'हेडीस', दोन्हींसाठी आपल्याकडे अधोलोक. 'गेहेन्ना'साठी नरक. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात शेओल ६५ ठिकाणी येतो. त्याचं भाषांतर ३१ वेळा 'हेल' (नरक), ३१ वेळा कबर आणि ३ वेळा खड्डा असं केलंय. हेडीस आणि गेहेन्ना यांनाही तिथे बहुतेक ठिकाणी 'हेल'च. तीन शब्दांचं एकच गाठोडं झालं, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून प्रवचन करणाऱ्यांनी ते आपल्याकडे तसंच आणून टाकलं.

अधोलोक म्हणजे मेलेल्यांची जागा. योसेफाला जनावराने खाल्लं असं समजून त्याचा बाप याकोब रडतो, तेव्हा आपण शोक करत मुलापाशी अधोलोकात जाऊ असं म्हणतो. त्याला काही शिक्षा भोगायला जायचं नव्हतं. उपदेशकाच्या पुस्तकात अधोलोकात काम नाही, विचार नाही, ज्ञान नाही. सगळं शांत, जरा उदासच. नव्या करारात चित्र बदलतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) १६ व्या अध्यायातला श्रीमंत माणूस यातना भोगतोय, जीभ गार करायला थेंबभर पाणी मागतोय, पण शब्द बघा: तो अधोलोकात आहे. त्याचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे जगाचा न्याय व्हायचाय. ही गोष्ट दृष्टान्त म्हणून घ्यायची की मरणानंतरच्या स्थितीचं वर्णन म्हणून, यावरही वाद आहेच. पण नरकाचा पुरावा म्हणून तिचा हवाला देणारे चुकीचं पान उघडतात.

नरक त्यापुढचा. प्रकटीकरण या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात सगळ्यांचा न्याय होतो, आणि मग मृत्यू आणि अधोलोक हे दोघेही अग्निसरोवरात टाकले जातात. अधोलोकच आगीत जातो म्हटल्यावर दोन्ही एकच कसे असतील? नाशिकरोडच्या सेंट्रल जेलमध्ये ज्याचं कोणी असेल त्याला हे पटकन कळेल. कच्चा कैदीही आत असतो आणि पक्काही; भिंत तीच, डाळही तीच, पण एकाची केस चालू आहे आणि दुसऱ्याला शिक्षा लागलीय. फक्त ही उपमा फार ताणू नका, कारण जुन्या करारात याकोबासारखी भली माणसंही अधोलोकातच जातात, आणि त्यांच्यावर कसली केस?

गेहेन्ना हे मुळात एका जागेचं नाव. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हिन्नोमचं खोरं. तिथे लोकांनी आपली मुलंमुली आगीत बळी दिली म्हणून यिर्मया संदेष्टा त्या जागेला शाप देतो, आणि योशीया राजा ती भ्रष्ट करून टाकतो, पुन्हा कोणी मोलख या दैवतासाठी मूल जाळू नये म्हणून. येशूच्या काळी तिथे गावचा कचरा अखंड जळत असे, हे तुम्ही प्रवचनात ऐकलं असेल. मीही संडे स्कूलमध्ये हेच शिकवायचो. पण हे सुमारे १२०० सालच्या दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराकडून येतं. त्याआधीचा लेखी आधार नाही, उत्खननातही तसा पुरावा सापडलेला नाही. मुलांची राख पुरेशी भयंकर आहे, तिला कचऱ्याची जोड कशाला? नव्या करारात गेहेन्ना १२ वेळा येतो. त्यातले ११ येशूच्या तोंडी, आणि एक याकोबाच्या (हा दुसरा याकोब) पत्रात, जिभेबद्दल.

आता मराठी शब्दाचा एक पेच. नरक हा शब्द आपण शेजाऱ्यांकडून घेतला. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची यादी आहे, पण तिथली शिक्षा संपते आणि जीव पुन्हा जन्म घेतो. म्हणजे मराठी कानाला नरकात मुदत ऐकू येते. ती काढायला ख्रिस्ती मराठीने एक वेगळाच शब्द लावला: सार्वकालिक, म्हणजे कायमचा. खरं भांडण या शब्दाभोवती आहे: नरकातली शिक्षा कधी संपते की नाही?

मत्तयच्या शुभवर्तमानात २५ व्या अध्यायाच्या शेवटी एक गट सार्वकालिक शिक्षेला जातो, दुसरा सार्वकालिक जीवनाला. ग्रीकमध्ये दोन्हीकडे विशेषण एकच, 'आयोनिओस', आणि मराठीत ते एकच राहिलं. किंग जेम्समध्ये दोन वेगळे शब्द वापरलेत, त्यामुळे तिथे ही जोडी दिसत नाही. प्राचीन चर्चचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन याने याच जोडीवर बोट ठेवलं: जीवन अनंत, तर शिक्षाही अनंतच, एकच शब्द एका ओळीत दोन मापांनी मोजता येणार नाही. शिक्षा कधीच संपत नाही म्हणणाऱ्या पारंपरिक बाजूचा माझ्या मते याहून भक्कम मुद्दा नाही. प्रकटीकरणात सैतानासाठी 'युगानुयुग' पीडा आहे, तेही त्यांच्याच बाजूचं.

दुसरे म्हणतात, शिक्षेचा परिणाम कायमचा, भोगणं कायमचं नाही. मत्तय १०:२८ मध्ये आत्मा आणि शरीर दोहोंचा नरकात 'नाश' करणारा असं म्हटलंय. मार्कातला न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीतून आलाय, आणि तिथे ते प्रेतांवर आहेत. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची मंडळी हेच शिकवतात. १९८८ मध्ये जॉन स्टॉटसारख्या कडक सुवार्तावादी इंग्रज पाळकाने आपला कल इकडे असल्याचं सांगितलं, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. तिसऱ्यांना वाटतं, शेवटी देव सगळ्यांनाच परत आणील. ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताचं नाव याच विचाराशी जोडलं जातं, आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत तो धिक्कारला गेला.

तिघांच्याही हातात तेच पुस्तक आहे, आणि तिघेही त्याच्या अधिकारावरच दावा सांगतात. स्टॉटने तर शास्त्रालाच शरण जायचं म्हणून परंपरा पुन्हा तपासतोय असं म्हटलं. ज्याला खरोखर अधिकार नाकारायचाय तो वेगळं बोलतो: मत्तयने तसंच लिहिलंय, पण मत्तय चुकला. असा माणूस आमच्या घरी त्या दिवशी कोणी नव्हता. मावशी तर नाहीच. ती सकाळी दोन अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही.

हा घोळ आमच्या घरातला नवा नाही. १८६४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही काउन्सिलच्या न्यायसमितीसमोर, जिथे आपल्याकडचे जमिनीचे दावेही जायचे, चर्च ऑफ इंग्लंडच्या दोन पाळकांचं अपील आलं. एकावर शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिलं गेलं का, याबद्दलच्या मतांवरून आक्षेप होता. दुसऱ्यावर तो होताच, शिवाय दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा त्याने लिहिली होती. दोघे सुटले. निकाल देणाऱ्या लॉर्ड वेस्टबरींनी नरक खर्चासकट फेटाळला, अशी चेष्टा झाली. त्यावर सुमारे ११ हजार पाळकांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: संपूर्ण शास्त्र देवाचं वचन आहे, आणि दुष्टांची शिक्षा नीतिमानांच्या जीवनाइतकीच अनंत आहे. दोन वेगळे प्रश्न एका सहीखाली बांधले. त्याच चर्चची मिशनरी सोसायटी त्या दशकात आपल्या शरणपूरला वस्ती चालवत होती.

या प्रकरणाला आणखी एक नाशिकचा धागा आहे. १८७७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधून फ्रेडरिक फॅरार या पाळकाने प्रवचनं दिली की 'हेल' आणि 'एव्हरलास्टिंग' हे इंग्रजी शब्द मूळ ग्रीकला न्याय देत नाहीत. हा फॅरार १८३१ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील याच सोसायटीचे मिशनरी, नाशिकात काम केलेले.

त्या दिवशी चहाचे कप उचलताना धाकट्याच्या मुलीने विचारलं, येशूही नरकात गेला होता का? ती इंग्रजी शाळेत जाते, आणि तिथे विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं कबुलीवचन, इंग्रजीत पाठ करून घेतात: 'डिसेंडेड इन्टु हेल' (नरकात उतरला). मावशीने तिला जवळ बसवून मराठीत म्हणायला लावला. "मरण पावला, पुरला गेला, अधोलोकात उतरला." मुलगी थांबली. "म्हणजे मामाआजोबा आहेत तिथे?"

"हो," मावशी म्हणाली, "आणि तिसऱ्या दिवशी काय झालं? पुढे म्हण."