सोरोसिस (न्यूयॉर्क)

सोरोसिस हा न्यूयॉर्क शहरातील व्यावसायिक स्त्रियांचा क्लब १८६८ च्या वसंतात स्थापन झाला. बहुतांशी स्वतःच्या लेखणीवर किंवा अन्य व्यवसायावर चरितार्थ चालवणाऱ्या स्त्रियांनी, चर्चच्या किंवा धर्मादाय कामाच्या आधाराशिवाय, एकमेकींच्या सहवासासाठी आणि विचारविनिमयासाठी काढलेली संस्था म्हणून अमेरिकेतील स्त्री-क्लबांच्या इतिहासात त्याला सामान्यतः आद्य स्थान दिले जाते. हा मान निर्विवाद नाही. बॉस्टनचा न्यू इंग्लंड विमेन्स क्लब त्याच वर्षीचा असून त्याची पहिली जुळवाजुळव फेब्रुवारीतली, तर जाहीर सभा मे महिन्याच्या अखेरची आहे. तेव्हा यांपैकी कोणता दिवस स्थापनेचा धरायचा, यावर पहिलेपण ठरते. बॉस्टनच्या क्लबात पुरुषांनाही प्रवेश होता. ‘केवळ स्त्रियांचा क्लब’ हा निकष लावल्यास न्यूयॉर्कचे पारडे जड होते.

संस्थापिका जेन कनिंगहॅम क्रोली (१८२९–१९०१) यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला आणि लहानपणीच त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या. ‘जेनी जून’ या टोपणनावाने त्या वृत्तपत्रांतून लिहीत आणि त्यांचा मजकूर एकाच वेळी अनेक गावांच्या पत्रांत छापला जाई. पती डेव्हिड क्रोली हेही संपादक होते. १८६८ साली चार्ल्स डिकिन्स यांच्या अमेरिका-दौऱ्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या प्रेस क्लबने त्यांच्या सन्मानार्थ डेल्मॉनिकोज या उपाहारगृहात मेजवानी योजली. तिचे तिकीट जेन क्रोली यांनी मागितले आणि त्यांना नकार मिळाला. पुढे दडपण आल्यावर, पुरेशा संख्येने बायका जमत असतील तर त्यांना येऊ द्यावे, अशी अर्धीमुर्धी परवानगी आयोजकांनी दिली. ती बायकांनी झिडकारली. स्त्रियांना पडद्याआड बसून भाषणे ऐकण्याची मुभा देऊ केली होती, असाही तपशील काही वृत्तांतांत येतो, पण तो मागाहून चिकटला असण्याचा संभव आहे.

क्लब या मेजवानीतून जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. तारखा लावून पाहता ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मेजवानी १८ एप्रिल १८६८ रोजी झाली, तर क्रोली यांच्या घरची पहिली बैठक मार्चमधली आहे. डेल्मॉनिकोजमधली पहिली रीतसर सभा २० एप्रिलची, म्हणजे मेजवानीनंतर अवघ्या दोन दिवसांनी भरलेली आहे, आणि ‘मेजवानीनंतर’ हा समज बहुधा या तारखेवरून रूढ झाला असावा. क्लबाने स्वतःचा २१ वा वर्धापनदिन मार्च १८८९ मध्ये साजरा केला, यावरून सभासदांच्या लेखी आरंभ मार्चचाच होता असे दिसते. नकार हे निमित्त ठरले, पण अशा क्लबाची कल्पना क्रोली यांच्या मनात आधीपासून घोळत असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सभेसाठी निवडलेली जागाही लक्षात घेण्याजोगी आहे, कारण पुरुषाची सोबत नसलेल्या स्त्रियांना दुपारचे जेवण वाढणे त्या काळच्या प्रतिष्ठित उपाहारगृहांच्या रिवाजात बसत नसे. ज्या उपाहारगृहात डिकिन्स यांची पंगत झाली, तिथेच सोमवारी दुपारी या बायका आपल्या पैशाने जेवल्या.

क्लबाच्या नावाविषयी बरेच लिहिले गेले असले तरी त्यातले पुष्कळसे चुकीचे आहे. ‘विमेन्स लीग’ यासारखी सरळ नावे सुचवली गेली होती आणि पहिल्या अध्यक्षा कवयित्री ॲलिस केरी यांचा कल अशाच नावाकडे होता. ‘सोरोसिस’ हा शब्द क्रोली यांना वनस्पतिशास्त्राच्या कोशात सापडला, असे त्यांच्या कथनावरून मानले जाते. तो ‘बहीण’ या अर्थाच्या लॅटिन ‘सोरोर’वरून आला, ही व्युत्पत्ती आकर्षक आहे, पण ती टिकत नाही, मूळ ग्रीक ‘सोरोस’ म्हणजे रास किंवा ढीग. वनस्पतिशास्त्रात संपूर्ण फुलोऱ्यापासून तयार होणाऱ्या मांसल संयुक्त फळाला ही संज्ञा आहे. तुती, अननस आणि आपल्याकडचा फणस ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. फणस कापला की हे डोळ्यांनी दिसते: प्रत्येक गरा हा एका स्वतंत्र मादी फुलाचा मांसल झालेला परिदल (फुलाचे बाहेरचे वेष्टन) असून त्याच्या पोटात त्या फुलाची आठळी असते, गऱ्यांच्या मधले चिवट पाते म्हणजे फलन न झालेली फुले, आणि मधला दांडा म्हणजे ती सारी फुले जिच्यावर बसली होती ती फुलोऱ्याची अक्षधारा. उंबर व अंजीर ही फळेही फुलोऱ्यापासूनच बनतात, पण त्यांत फुले पोकळ पुष्पाशयाच्या आत दडलेली असल्याने त्यांना ‘सायकोनस’ असे निराळे नाव आहे.

क्लबाविषयीच्या लोकप्रिय लेखांत सोरोसिसचा अर्थ ‘पुंजफळ’ असा दिलेला आढळतो आणि तिथे घोटाळा होतो. पुंजफळ, उदाहरणार्थ सीताफळ, हे एकाच फुलातील अनेक सुट्या किंजदलांपासून (फुलाच्या स्त्री-अवयवांपासून) बनते, तर सोरोसिसला अनेक फुले लागतात. हा भेद क्षुल्लक नाही, कारण अनेक फुलांचे मिळून एक फळ हाच नाव निवडण्यामागचा आशय होता. कवयित्री, संपादक, डॉक्टर, शिक्षिका, चित्रकार अशा वेगवेगळ्या पेशांतल्या स्त्रिया आपापले काम न सोडता एकत्र याव्यात, असे क्रोली यांना अभिप्रेत होते; सीताफळाची उपमा इथे लागू पडली नसती. केरी यांना हे नाव अखेरपर्यंत फारसे रुचले नाही. शतकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावच्या एका कारखान्याने स्त्रियांच्या बुटांना हेच नाव दिले आणि क्लबापेक्षा बूटच अधिक घरांत पोहोचले.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस सभासदसंख्या ८३ च्या घरात होती. त्यांत ॲलिस यांची बहीण फीबी केरी, पत्रकार केट फील्ड आणि ‘फॅनी फर्न’ या नावाने लिहिणाऱ्या सारा पार्टन यांचा समावेश होता. धर्म आणि मताधिकार हे वादाचे विषय चर्चेबाहेर ठेवण्याचे आरंभीचे धोरण होते. मताधिकारवादी स्त्रियांना ते बोटचेपे वाटे, तरी व्यंगचित्रकारांनी क्लबाला सोडले नाही: बायका सभेला आणि पुरुष तान्ही मुले सांभाळताना, ही थट्टा १८६९ मध्येच छापून आली. प्रेस क्लबशी मात्र गमतीशीर समेट झाला. प्रेस क्लबने सोरोसिसला न्याहारीला बोलावले आणि पाहुण्या बायकांना बोलण्याची संधीच दिली नाही. परतफेड म्हणून सोरोसिसने पुरुषांना चहाला बोलावले. त्या वेळी भाषणे, गाणी, सारे बायकांनीच केले आणि पुरुषांनी मुकाट्याने ऐकून घेतले. तिसऱ्या खेपेस दोघांनी मिळून भोजन केले, बोलण्याचा वाटा सारखा ठेवला आणि प्रत्येकाने आपापले पैसे भरले.

ॲलिस केरी काही महिन्यांतच पायउतार झाल्या. त्यांच्यानंतर क्रोली आणि शार्लट विल्बर यांनी धुरा वाहिली. क्रोली १८७६ ते १८८६ अशी सलग दहा वर्षे अध्यक्ष होत्या. १८७३ मध्ये सोरोसिसच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची परिषद भरली व तिच्यातून ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ विमेन’ ही संस्था उभी राहिली. मार्च १८८९ च्या वर्धापनदिनास देशभरच्या ९७ क्लबांना आमंत्रणे गेली आणि ६१ क्लबांच्या प्रतिनिधी आल्या. पुढील वर्षी एप्रिलमध्ये ‘जनरल फेडरेशन ऑफ विमेन्स क्लब्ज’ या स्त्री-क्लबांच्या देशव्यापी महासंघाची घटना संमत झाली. एकट्या शहरापुरत्या क्लबाचे देशव्यापी महत्त्व मुख्यतः या फेडरेशनच्या स्थापनेमुळे आहे. क्रोली यांनी १८९८ मध्ये या चळवळीचा हजारावर पृष्ठांचा इतिहास प्रसिद्ध केला. आरंभकाळासाठी तो आजही मुख्य आधार आहे, मात्र तो संस्थापिकेनेच लिहिलेला असल्याने न्यूयॉर्कला झुकते माप देतो, हे ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

या क्लबांच्या ऐन भरात, १८८६ ते १८८८ या काळात, पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि गावोगावच्या मंडळांनी शारदा सदनासाठी वर्गणी गोळा केली. रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांच्या स्थितीचा आणि संघटित कामाचा विस्तृत परिचय मराठी वाचकांना करून देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागेल. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी स्थापलेला आर्य महिला समाज मात्र या परिचयाच्या आधीचा असल्याने त्याचा उगम अमेरिकी क्लबांत शोधण्याचे कारण नाही.

फेडरेशनच्या वाढीबरोबर क्लबांचे स्वरूप घरगृहस्थीतल्या स्त्रियांच्या अभ्यासमंडळांकडे व नागरी सुधारणांकडे झुकत गेले आणि पेशानिष्ठ संघटनेचा धागा दुसरीकडे वळला. १८८९ मध्येच क्रोली यांनी न्यूयॉर्कमध्ये केवळ पत्रकार-लेखिकांसाठी ‘विमेन्स प्रेस क्लब’ काढला. जुलै १९१९ मध्ये सेंट लुईस येथे ‘बिझनेस अँड प्रोफेशनल विमेन्स क्लब्ज’चा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या अध्यक्षा गेल लाफलिन आणि कार्यवाह लीना मॅडेसिन फिलिप्स या दोघीही वकील होत्या. फिलिप्स यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये जिनिव्हात अशा क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.