हँड डॉपलर नेताना एवढं वाचा
फ्लॅपवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर आणि ड्यूटी डॉक्टरांसाठी

आमच्याकडून भाड्याने जाणारे बरेचसे डॉपलर, म्हणजे नळीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारी हातातली मशीनं, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी जातात. तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे या ऑपरेशनांना तोटा नाही. जबडा काढून पोटरीतलं बारकं हाड त्वचेसकट (हाच फ्लॅप) तिथे बसवायचं म्हणजे आठ-दहा तास सहज जातात. आणि एवढी सगळी मेहनत जगते ती दोन-तीन मिलिमीटरच्या आर्टरी-व्हेनच्या (रक्त आणणारी आणि परत नेणारी नळी) जोडावर. त्यात गुठळी झालीच, तर बहुधा पहिल्या 48 ते 72 तासांत. लवकर कळली तर पेशंटला परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन जोड मोकळा करता येतो. म्हणून सुरुवातीला तासातासाला तपासायचं, पहाटे तीनलासुद्धा.

प्रोब (कातडीवर टेकवायची दांडी) 8 मेगाहर्ट्झचा आहे ना, ते नेतानाच बघा. बाळाचे ठोके ऐकायचा प्रोब 2-3 मेगाहर्ट्झचा असतो. तो खोलवरचं ऐकतो, कातडीखालची बारीक नळी त्याला सापडत नाही. एका हॉस्पिटलात लेबर रूममधलंच मशीन लावलं, आवाज येईना, सर्जन मध्यरात्री धावत आले; फ्लॅप गुलाबी होता, ठणठणीत!

सर्जनने टाका घालून खूण केलेली असते. तिथे जेल सढळ हाताने लावा, प्रोब साधारण 45 अंशांत तिरका धरा आणि अलगद टेकवा. दाबलात तर नळी मिटते. आर्टरी नाडीच्या तालावर ‘फुस्स, फुस्स’ करते. व्हेनचा आवाज सलग, फटीतून येणाऱ्या वाऱ्यासारखा.

आता मुख्य गोष्ट, आमच्या धंद्याच्या विरुद्ध असली तरी: नुसत्या आवाजावर विसंबू नका. व्हेन तुंबली तरी आर्टरी काही वेळ वाजतच राहते. शिवाय मानेतल्या मोठ्या आर्टरीचा आवाज फ्लॅपचा म्हणून ऐकू येतो, तो धोका वेगळाच. त्यामुळे दर वेळी रंग बघा, बोटाने दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत रंग परतला तर बरं. जांभळट, फुगलेला आणि सोडताक्षणी भरणारा फ्लॅप म्हणजे व्हेन अडलीय. पांढराफटक, गार, रंग परतेना, तर आर्टरी. दोन्हीत सर्जनला लगेच फोन. ‘पुढच्या तासाला बघू’ नको. टॉर्च रोज तोच आणि पांढऱ्या उजेडाचा वापरा, पिवळ्या दिव्यात जांभळट छटा लपते. ड्यूटी बदलताना दोन्ही सिस्टरनी एकत्र बघावं, एकत्र ऐकावं. एकीचा ‘फिकट’ दुसरीचा ‘नॉर्मल’ असतो.

वापरून झाल्यावर जेल मऊ कापडाने पुसा. प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालू नका, तो परत येत नाही, बिल येतं. पेटीत जास्तीची बॅटरी आहे. वापरलीत तर परत देताना फक्त सांगा, तिचे पैसे आम्ही लावत नाही.