धर्मेतिहासकार (बेळगाव सीमाभाग)

धर्मसंस्था आणि इहवादीकरण, म्हणजे सार्वजनिक व्यवहारावरची धर्माची पकड सैल होत जाणे, यांचा इतिहास लिहिणारा संशोधक. या अभ्यासाची चौकट युरोपात घडली. आधुनिकता वाढली की धर्म ओसरतो, असे माक्स वेबरनंतर अनेक दशके धरून चालले जाई. पुढे पीटर बर्गरसारख्या समाजशास्त्रज्ञानेच 1999 मध्ये ते मत उघडपणे सोडले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मुळात देवळे ओस पडलीच नाहीत. बदलला तो त्यांचा कारभार. त्यामुळे इथला अभ्यासक गाभाऱ्याइतकाच कचेरीतही रमलेला असतो.

सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर हे त्याचे खरे शिक्षण. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला यल्लम्माचा नवरा जमदग्नी याच्या मरणाचे सुतक धरून जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात. पुढे अहेव पुनवेला नवा चुडा भरतात. कोल्हापूर-सांगलीकडचे भाविक भंडारा उधळत, ‘उदो’ म्हणत येतात. याच डोंगराभोवती मुली देवाला सोडण्याची प्रथा रुजली होती. मुंबई इलाख्याने 1934 मध्ये आणि कर्नाटकाने 1982 मध्ये तिच्याविरुद्ध कायदे केले. 1975 मध्ये शेजारच्या गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. प्रथा गुन्हा ठरली, जत्रा मात्र भरतच राहिली. पोलिसी कागदच वाचणाऱ्याला इथे फक्त शोषण दिसते आणि जोगतिणींची गाणीच ऐकणाऱ्याला फक्त भक्ती. दोन्ही वाचने अपुरी, आणि दुसरे अधिक फसवे.

साधने तीन ठिकाणी विखुरलेली. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या रट्ट राजघराण्याच्या काळातल्या जैन वास्तूंसाठी हळेगन्नड, म्हणजे जुन्या कन्नडातले, लेख वाचता यावे लागतात. पेशवाईतल्या देवस्थान इनामांसाठी मोडी. इनामाच्या कागदात नंदादीपाचे तेल, नैवेद्य, गुरवाचा वाटा असा रोकडा हिशेब सापडतो, आणि धर्म प्रत्यक्षात कसा चाले हे स्तोत्रांपेक्षा त्यातून जास्त कळते. 1852 च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने हे हक्क तपासले, म्हणून पुण्याचे पुराभिलेखागार टाळता येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरचा सरकारी व्यवहार कन्नडात.

शिक्षणासाठी धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (1962) आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ (2010) जवळची. सीमावादाच्या सावलीत कुठल्या देवाचे मूळ मराठी की कन्नड, हा प्रश्न अभ्यासकाच्या गळ्यात हमखास पडतो.

पेशा निर्धोक नाही. वचनसाहित्य (लिंगायत संतांची कन्नड वचने) आणि शिलालेखांचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी यांचा लिंगायत परंपरेवरील निष्कर्षांवरून वाद झाला होता. 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडला राहत्या घरी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. 2018 मध्ये कर्नाटक सरकारने लिंगायतांना स्वतंत्र धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केंद्राकडे केली, तेव्हा बाराव्या शतकातल्या वचनांचे अर्थ थेट राजकारणात ओढले गेले.