ठोका पडण्याआधीच पडणारी टाळी

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. आधीच्या सप्टेंबरात तिकिटं निघाली तेव्हा लाखो लोक मोबाइल हातात धरून ऑनलाइन रांगेत बसले होते. आमच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांचं त्यावर एकच मत होतं, पोरांना वेड लागलंय. माझी भाची त्या रांगेत होती. तिला दोन तिकिटं मिळाली, मैत्रिणीला ऐन वेळी जमेना, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

आमची जागा मंचापासून लांब, वरच्या स्टँडमध्ये होती. आत शिरताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक पट्टा दिला होता. त्यात छोटे दिवे असतात आणि ते अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या संदेशावर पेटतात. ‘यलो’ हे त्यांचं गाणं सुरू झालं आणि अख्खं स्टेडियम एका क्षणात पिवळं झालं. टाळ्या मात्र एका क्षणात पडत नव्हत्या. मंचाजवळच्या लोकांचे हात आधी मिटायचे, मग मधल्यांचे, मग आमचे. टाळ्यांची एक लाट मैदानावरून सरकत आमच्यापर्यंत चढत यायची.

कारण साधं आहे. पट्ट्यांना संदेश प्रकाशाच्या वेगानं मिळतो, आपल्याला ताल ध्वनीच्या वेगानं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर यायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं असतं. म्हणजे शंभर मीटरवरचा माणूस मंचापेक्षा अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे असतो. मोठ्या मैदानात मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात, त्यांचा आवाजसुद्धा मुद्दाम तेवढाच उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मंचावरचा आवाज मागून येऊन आदळतो आणि सगळं दुहेरी ऐकू येतं.

हे सगळं मी भाचीला सांगायला वळलो, तर ती रडत होती. तिच्या पलीकडची अनोळखी मुलगीही रडत होती आणि दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता. मंचावरच्या चौघांना या दोघींची नावंसुद्धा माहीत नाहीत. तरी ती माणसं त्यांना इतकी आपली का वाटावीत?

नेहमीचं उत्तर असं, की ही एकतर्फी जवळीक आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच ती नोंदवली होती. टीव्हीवरचा निवेदक रोज घरात येतो, थेट आपल्याशी बोलल्यासारखं बोलतो आणि प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटू लागतो. हे खरंच आहे. पण बातम्या देणाऱ्यासाठी कुणी अनोळखी माणसाचा हात धरून रडत नाही. संगीतात आणखी काहीतरी आहे, आणि माझ्या मते ते तालात आहे.

एक प्रयोग घरी करून पाहा. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं अ‍ॅप, लावा आणि त्याच्या टकटकीबरोबर बोट टेबलावर आपटा. अचानक झालेला आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा तरी लागतो. ऐकून मग बोट आपटत असतो तर आपण दर ठोक्याला तेवढे मागे पडलो असतो. प्रत्यक्षात मोजलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या काही शतांशांनी आधी टेकतं. आपण ठोक्याला प्रतिसाद देत नाही, पुढचा ठोका कधी येणार याचं भाकीत करून तिथे आधीच जाऊन उभे राहतो.

हे भाकीत मेंदूत घडताना दिसतं. टोरांटोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते एका विशेष यंत्रानं टिपलं. हे यंत्र मेंदूतल्या विद्युतप्रवाहांमुळे तयार होणारं अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र मोजतं. माणसं स्वस्थ बसून समान अंतरानं येणारे ठोके नुसते ऐकत होती. ठोक्यांमधलं अंतर कधी ३९० मिलिसेकंद, कधी ५८५, कधी ७८०. मेंदूच्या श्रवणभागात बीटा नावाची लहर असते, सेकंदाला सुमारे २० आवर्तनांची. प्रत्येक ठोक्यानंतर ती लहर खाली पडायची, आणि हे पडणं तिन्ही लयींत जवळजवळ सारखंच होतं. फरक होता तो परत वर चढण्यात. जलद लयीत ती भरभर चढायची, संथ लयीत सावकाश, आणि चढण अशी बेतलेली की पुढचा ठोका येईपर्यंत लहर वर पोचलेली असे. पडणं ही घडून गेलेल्या ठोक्याची प्रतिक्रिया, चढणं ही येणाऱ्या ठोक्याची तयारी. त्यातही मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट म्हणजे बोटही न हलवणाऱ्या त्या माणसांच्या मेंदूतले हालचालीचे भागसुद्धा या चढउतारात सामील होते. ऐकणं हे आतल्या आत नाचणंच असतं.

भाकीत आलं की डोपामिन हे मेंदूतलं रसायन येतं. त्याला वर्तमानपत्रांत ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते फार ढोबळ आहे. मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली झालेल्या प्रयोगात अंगावर काटा आणणारं संगीत लोकांनी स्वतः निवडून आणलं होतं. डोपामिन दोनदा, मेंदूच्या दोन वेगळ्या भागांत स्रवलं: काटा येण्याच्या क्षणी एका ठिकाणी आणि त्याआधी, तो क्षण येतोय या वाट पाहण्यात, दुसऱ्या ठिकाणी. पाठ असलेलं गाणं शंभराव्यांदा ऐकताना कंटाळा का येत नाही, याचा मोठा भाग या वाट पाहण्यात आहे.

पण याने गाणं आपलं होईल. माणसं आपली कशी होतात?

कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठातला २०१४ चा एक प्रयोग मला विसरता येत नाही. १४ महिन्यांच्या बाळांना एका सहायिकेनं छातीशी बांधून गाण्याच्या तालावर हलवलं. समोर दुसरी बाई उभी राहून हलत होती, काही बाळांच्या लयीत, काहींच्या लयीबाहेर. नंतर ती बाई दोरीवर फडकी वाळत घालताना कपड्यांचा चिमटा ‘चुकून’ पाडायची आणि हात लांबवून तो मिळत नाही असं दाखवायची. जी बाळं तिच्याबरोबर एका लयीत हलली होती, ती तुरुतुरु जाऊन चिमटा उचलून द्यायची, लयीबाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा. त्या वयात बोलणं धड येत नाही, पण जो माझ्याबरोबर हलतो तो माझा, एवढं कळतं.

मोठ्यांमध्येही हेच आढळतं. हेडफोन लावून एकाच तालावर एकत्र नाचवलेल्या लोकांना नाचानंतर एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली, शिवाय त्यांची वेदना सोसायची क्षमता वाढली. ती मोजायला दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळतात. ही वाढ म्हणजे शरीरात एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, स्रवल्याची खूण, असं हे संशोधक मानतात. गणपतीत ढोल-ताशा पथकात तासन्‌तास वाजवून बोटांना पट्ट्या बांधलेल्या मुलामुलींना यात नवल वाटणार नाही.

आणि समोर माणूस असण्याचीही गरज नाही. एका प्रयोगात लोकांना फक्त ठोक्यांचे आवाज ऐकवले आणि ते दुसरं कुणीतरी वाजवतंय असं सांगितलं. ज्याच्या ठोक्याशी आपले ठोके जुळले, तो न पाहिलेला जोडीदार त्यांना जास्त आवडला. आता पंधराव्या वर्षापासून रोज रात्री कानात गाणी घालून झोपणाऱ्या मुलीचा विचार करा. तेच चार वादक, तोच ड्रमर. हजारो तास तिचा मेंदू त्यांचा पुढचा ठोका ओळखतोय आणि तो बरोबर येतोय. त्यातून वय असं, की त्या दिवसांच्या आठवणी पुढे जन्मभर सर्वांत ठळक राहतात. लोकप्रिय गाण्याचा जेमतेम ०.४ सेकंदाचा तुकडा ऐकवला तरी श्रोते २५ टक्क्यांहून अधिक वेळा कलाकार आणि गाण्याचं नाव दोन्ही अचूक सांगतात, हे २०१० मध्ये प्रयोगानं दाखवलंय. अर्ध्या सेकंदाच्या आत ओळखू यावा असा आवाज बहुधा आपल्या घरातल्या माणसांचाच असतो.

या विषयात भेसळही खूप आहे. ४३२ हर्ट्झला लावलेलं संगीत विश्वाच्या स्पंदनांशी जुळतं आणि रोग बरे करतं, असे व्हिडिओ घरोघरी फिरतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली आवर्तनं, आणि सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप आहे. सेकंद थोडा लांब ठरवला असता तर तोच सूर वेगळ्या आकड्याचा झाला असता, विश्वाला त्याचा पत्ता नाही. आपल्याकडे तर गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल तो षड्ज धरतो, कुणी पेटीची काळी एक, कुणी काळी चार, आणि दोन्ही मैफलींत श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आजारी माणसानं अशा व्हिडिओंच्या नादी लागून औषध सोडू नये, एवढं मला कळकळीनं सांगायचंय.

ताल सगळ्यांना असा धरत नाही, हेही खरं. बार्सिलोनाच्या संशोधकांना २०१४ मध्ये अशी माणसं सापडली, ज्यांचं ऐकणं उत्तम, सूर-ताल कळतो, पैसे जिंकल्यावर आनंद होतो, पण संगीतानं आत काहीच हलत नाही. माझे मेव्हणे, भाचीचे वडील, मला त्यातलेच वाटतात. गाणं लागलं की ते शांतपणे दुसऱ्या खोलीत जातात. त्या रात्री पट्टे परत करून आम्ही बाहेर आलो तेव्हा ते गाडी घेऊन उभे होते. भाचीनं त्या अनोळखी मुलीचा नंबर घेतला, पुढच्या सीटवर बसली आणि घरापर्यंत न थांबता बोलत राहिली. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, कुठे सगळे एकदम गप्प झाले. त्यांनी रेडिओ बंद करून ठेवला होता आणि मध्येच विचारत होते, “मग? पुढे काय वाजवलं?”