सोल्जर बीटल : मऊ पंखांमुळे झालेली गल्लत

पावसाळ्यात सिंहगड, ताम्हिणी, मुळशीकडे भटकून आलेले लोक किड्यांचे फोटो दाखवतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: हा काजवा का? लांबट, चपटा, पिवळसर-तांबूस नाहीतर काळपट भुंगेरा, लांब मिशा, आणि पाठीवरचे पंख टणक कवचासारखे नसून चामड्यासारखे मऊ. दिवा मात्र नाही. अशा वेळी सोल्जर बीटलची, म्हणजे कँथॅरिडी या कुळाची, शक्यता तपासून पाहावी. या कुळात जगभर ५,००० हून जास्त जाती आहेत. अंगावरचे तांबडे रंग जुन्या ब्रिटिश सैनिकांच्या लाल गणवेशासारखे दिसले म्हणून इंग्लंडात हे नाव रूढ झाले.

काजव्याशी होणारी ही गल्लत, सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसपासून चालत आलेली आहे. १७५८ साली त्याने कँथॅरिस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली, तेव्हा सोल्जर बीटलबरोबर युरोपातला नेहमीचा काजवाही तिच्यातच घातला. दोघांचे अंग मऊ, दोघांची ठेवण सारखी. काजव्याला वेगळी प्रजाती नंतर मिळाली.

त्याहून मोठा घोळ औषधांच्या बाजूने झाला. ग्रीक-रोमन काळापासून वैद्य ज्याला कँथॅरिस म्हणत, तो किडा कातडीवर फोड आणणारा होता. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे हे त्याच फोडकऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातले. त्यांच्यातले दाहक द्रव्य फ्रान्सच्या रोबिके याने १८१० साली वेगळे केले आणि त्याला कँथॅरिडिन हे नाव मिळाले. सोल्जर बीटलमध्ये ते तयार होत नाही. लिनियसने मात्र फोडकऱ्याला मेलोई या प्रजातीत ठेवून कँथॅरिस हे नाव या निरुपद्रवी किड्यांना दिले. १७६२ साली फ्रान्सच्या जॉफ्रॉयने कँथॅरिस हे नाव पुन्हा फोडकऱ्यांसाठी वापरले. मग १७६६ मध्ये शेफरने सोल्जर बीटलसाठी टेलेफोरस हे नवे नाव काढले, आणि १९व्या शतकातल्या कित्येक ग्रंथांत हे कुळ टेलेफोरिडी म्हणून येते. जुने संदर्भ चाळताना हे माहीत नसेल तर माणूस भलत्याच किड्याची माहिती वाचत बसतो.

१९व्या शतकात काजवे, सोल्जर बीटल, जाळीदार पंखांचे लायसिड आणि इतर मऊ भुंगेरे यांना ‘मॅलाकोडर्माटा’ या एका गटात बांधले गेले. पुढे त्यातल्या बऱ्याच कुळांचे कँथॅरॉइडिया हे अधिकुळ, म्हणजे कुळांचा मोठा गट, झाले. मऊपणा हीच नात्याची खूण, असे त्यामागचे गृहीतक. ते दीर्घकाळ टिकले. १९८८ साली कीटकतज्ज्ञ जॉन लॉरेन्स यांनी हे अधिकुळ मोडून त्यातली कुळे टिचकी भुंगेऱ्यांच्या इलॅटेरॉइडियात आणली. उताणे पडले की टक्‌ आवाज करत उडी मारून सरळ होणारे, कडक पाठीचे ते भुंगेरे. २००७ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसले की मऊ अंग या वंशात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले. २०११ मध्ये तर गोगलगायी खाणारे ड्रिलिडी हे स्वतंत्र समजले जाणारे मऊ कुळ टिचकी भुंगेऱ्यांच्याच कुळात विलीन झाले. मला या सगळ्या इतिहासातला हा टप्पा सर्वात मोलाचा वाटतो. डोळ्यांना सर्वात आधी दिसणारी खूणच सर्वात फसवी निघाली.

वर्गवारीचा जुना ठसा एका बुरशीच्या नावातही उरला आहे. १८८८ साली बुरशीतज्ज्ञ थॅक्स्टर यांनी अमेरिकेतल्या सोल्जर बीटलवरच्या बुरशीला ‘लॅम्पिरिडारम’, म्हणजे काजव्यांची, असे नाव दिले. तेव्हा तिथे हे किडे काजव्यांच्याच कुळात मोजत. या बुरशीचे काम थरारक आहे. लागण झालेला भुंगेरा फुलावर चढतो, जबड्याने फूल घट्ट पकडतो आणि तसाच मरतो. आर्कान्सामधल्या किड्यांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मेल्यावर १५ ते २२ तासांनी त्याचे पंख उघडतात आणि बुरशीचे बीजाणू बाहेर पडायला वाट मिळते. ज्या फुलांवर हे किडे परागकण खातात, मावा टिपतात आणि जोडी जमवतात, तिथेच लागण पसरते.

अळी वेगळ्याच जगात राहते. ती मखमली केसांची, गडद रंगाची, माती आणि पालापाचोळ्यात फिरणारी शिकारी असते. गोगलगायी, किड्यांची अंडी, छोट्या अळ्या हे तिचे खाणे. युरोपात थंडीत बर्फावर या अळ्या अचानक दिसत, तेव्हा त्या आभाळातून पडल्या असे लोकांना वाटे. कवच नसलेल्या या किड्याचे संरक्षण रसायनावर चालते: शरीराच्या बाजूने ग्रंथींच्या जोड्या असतात, आणि अमेरिकेतल्या एका जातीत त्यांतून पाझरणारे आम्ल १९६८ साली मेनवाल्ड, आयस्नर आणि सहकाऱ्यांनी ओळखले. कुळ जुने आहे. म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षे वयाच्या अंबरमध्येही, म्हणजे झाडांच्या दगड झालेल्या राळेतही, हे भुंगेरे सापडले आहेत.

भारतातल्या जातींचा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी झाला. अँड्र्यूज या वनअधिकाऱ्याच्या भारत-ब्रह्मदेशातल्या संग्रहावर गॉरहॅम यांनी १८९५ मध्ये लिहिले. मोरिस पिक यांनी थोडक्या वर्णनांतून असंख्य जाती नोंदवल्या, त्यांचा संग्रह पॅरिसला. बासेलच्या वॉल्टर विटमर यांनी २०व्या शतकात हिमालयातल्या जातींवर भरपूर काम केले, ते नमुने बासेलला. ब्रिटिश काळातल्या प्राणिग्रंथमालेत सोंडे, लांब मिशांचे शिंगे भुंगेरे, जमिनीवर धावणारे भूभुंगेरे यांना खंड मिळाले, या कुळाला मिळाला नाही. म्हणजे आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात बसून सह्याद्रीतला एखादा नमुना ओळखायचा, तर आधी हे विखुरलेले लेखन जमवावे लागते, आणि अनेकदा नराचे जननांग उघडून तपासावे लागते. नुसत्या फोटोवरून जातीपर्यंत पोचणे बहुतेक वेळा शक्य नाही.

कुळ ओळखणे मात्र आपल्याला जमते. काजव्याचे डोके वरून पाहिले तर छातीच्या ढालीसारख्या भागाखाली झाकलेले असते, सोल्जर बीटलचे स्पष्ट पुढे दिसते. हिंग्याची मान बारीक आवळलेली असते, याची नसते. बाजरीच्या कणसावर किंवा बागेतल्या फुलावर भुंगेरा दिसला की फवारणीआधी एवढे तरी पाहावे, कारण हिंगे फुलोरा फस्त करतात आणि हा किडा मावा खातो.